हा नियम धुळ्यात लागत नाही

खानदेशात विज्ञान शिकवणाऱ्या माणसांमध्ये आमच्या सरांची एक गोष्ट अजून सांगितली जाते. सर जळगावहून धुळ्याला परीक्षक म्हणून गेले, तिथे भर प्रयोगशाळेत त्यांचं लाडकं गणित चुकलं, आणि चूक कबूल करायची सोडून ते म्हणाले, "हाऊ नियम धुळामा लागत नही." एवढं बोलून सांगणारा थांबतो आणि लोक हसतात.

ही गोष्ट मी स्वतः अनेकदा सांगितली आहे. निरोपसमारंभात, पेपर तपासणीच्या चहाच्या सुट्टीत, एकदा तर एका साखरपुड्यात. चांगली सांगतो असा माझा लौकिक होता. सरांचे मागे बांधलेले हात, तो किंचित घोगरा आवाज, सगळं हुबेहूब करून दाखवायचो. गोष्टीतलं वाक्य खरं आहे. फक्त त्या गोष्टीत एक माणूस कमी आहे, तो मी. आता माझी ऐंशी उलटली आहे. माझ्याकडून ऐकलेले लोक आता ती आपल्या विद्यार्थ्यांना सांगतात, आणि ज्यांनी सरांना कधी पाहिलं नाही ती पोरंही सरांना हसतात. म्हणून एकदा ती पुरी सांगतो.

पण आधी सर.

सर मूळचे पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातले. जळगावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. वर्गातली भाषा पुस्तकी, पण खूश झाले किंवा चिडले की थेट गावाकडची अहिराणी. 'बठ्ठं', म्हणजे सगळं, हा शब्द ऐकला की आम्हाला एवढंच कळायचं की काहीतरी घडलं आहे. बरं की वाईट, ते त्यांच्या कपाळाकडे बघून ठरवायचं.

त्यांच्या सायकलला दोन घंट्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "एक बिघडली तर?" दोन्ही बिघडलेल्या होत्या. सर रस्त्याने तोंडानेच "बाजू, बाजू" करत जायचे.

जळगावचा उन्हाळा त्यांना सोसत नसे. मार्च उजाडला की डोक्यावर ओलं उपरणं. त्यातलं पाणी खांद्यावरून ओघळून हातावर यायचं, खडू भिजायचा, आणि फळ्यावर लिहिलेलं काहीच दिसायचं नाही. आम्ही पेन उघडून वाट बघत बसायचो. फळा वाळू लागला की अक्षरं एकेक करून पांढरी होत वर यायची. तोवर सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असत. त्यामुळे आमच्या वर्गात ऐकू एक यायचं आणि वाचायला दुसरं मिळायचं, आणि परीक्षेत दोन्ही यायचं.

फिजिक्समध्ये नियम पुष्कळ आहेत, पण सरांचा जीव एकाच नियमावर होता. विजेचे दोन रोध शेजारी शेजारी जोडले, म्हणजे समांतर, तर दोघांचा मिळून रोध किती? साधं गणित आहे. प्रत्येक रोधाने एकाला भागायचं, बेरीज करायची आणि आलेली बेरीज उलटी करायची. दोन ओहम आणि तीन ओहम असतील तर अर्धा अधिक एक तृतीयांश, म्हणजे पाच षष्ठांश. ते उलटं केलं की सहा पंचमांश, एक पॉइंट दोन. हे झालं उत्तर.

शेवटचं उलटं करायला पोरं विसरतात. जगातली सगळी पोरं विसरतात, असं सरांचं मत होतं. म्हणून वर्गात, जिन्यात, पोस्टात, कुठेही विद्यार्थी दिसला की ते विचारायचे, "उलटं केलं का?" आमच्या एका वर्गमित्राच्या लग्नात ते स्टेजवर गेले, नवरदेवाच्या हातात पाकीट दिलं, त्याच्या कानाशी वाकले आणि विचारलं, "उलटं केलं का?" तो म्हणाला, "हो सर." नवरीने पुढे कितीतरी वर्षं त्याला विचारलं म्हणे, की ते गृहस्थ काय विचारत होते. त्याने सांगितलं, पण तिचा विश्वास बसला नाही.

त्याच लग्नात जेवणाला वरण-बट्टी होती. पंगत लांब, आणि वरण वाढायला एकच तरणा गडी. बट्ट्या चुरून लोक बसलेले, वरणाचा पत्ता नाही. मुलीचे काका म्हणाले, "आमचे आबा आहेत वाढायला, पण त्यांचा हात हळू. पंगत आणखी लांबेल."

सर पानावरून उठले. "नाना, आबांना त्या टोकाने सुरू करू द्या."

"अहो सर, ते एका पानाशी चार गोष्टी करतात."

"करू द्या. या गड्याला जेवढा वेळ लागला असता त्याहून कमीच लागेल. जास्त लागणारच नाही. लागला तर मी नोकरी सोडतो."

आबांनी पाच-सहा पानं वाढली असतील. पण तेवढी पानं गड्याची वाचली, हे सरांनी सगळ्या पंगतीला दाखवून दिलं. वरण गार झालं होतं ते त्यामुळेच, असं काही जणांचं म्हणणं पडलं.

हाच मुद्दा त्यांनी वर्गात दारांवर शिकवला होता. आमच्या वर्गाला दोन दारं. पुढचं चांगलं, मागचं फुगून बसलेलं. जेमतेम इतकं उघडायचं की सडपातळ मुलगा आडवा होऊन जाईल. सरांनी आधी सगळा वर्ग पुढच्या दाराने बाहेर काढला. मग परत आत घेतला आणि दोन्ही दारांनी काढला.

"मागचं दार पुढच्यापेक्षा दहापट अडवतं. बरोबर?"

"हो सर."

"तरी ते उघडल्यावर एकूण अडथळा वाढला की कमी झाला?"

"कमी झाला सर."

"किती का वाईट वाट असेना, शेजारी जोडली की अडथळा कमीच होणार. एवढं डोक्यात राहिलं तर सूत्र विसरलात तरी चालेल." मग जरा थांबून म्हणाले, "सूत्र विसरलात तर नापास मात्र व्हाल."

तिसऱ्यांदा आम्ही बाहेर पडत असताना प्राचार्य पुढच्या दारातून आत येत होते. ते भिंतीला चिकटले. "काय चाललंय हे?"

"समांतर जोडणी, साहेब," सर म्हणाले. "तुम्ही मध्ये आलात."

सरांच्या बढतीचं पुढे जे झालं त्याचं बीज त्या दिवशी पडलं, असं शिपाई सांगायचा. स्टाफरूममध्येही त्यांचं फारसं कोणाशी जमत नसे. ते म्हणायचे, "आमचा स्टाफ सिरीजमध्ये जोडलाय. एक रजेवर गेला की बठ्ठा अंधार."

आता त्यांची एक सवय नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

प्रयोगशाळेत विद्यार्थी रीडिंग घेत असला की सर त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. हात मागे बांधलेले, तोंड खिडकीकडे. उपकरणाला बोट लावायचे नाहीत. "माझा हात लागला की रीडिंग माझं होतं. आणि मी बघत असलो की पोरगं सुईकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतं. मी हसलो की रीडिंग घेतं." हे अगदी खरं होतं. बाकी सगळ्या शिक्षकांच्या हाताखाली आम्ही तसंच करत होतो, आणि उत्तरं उत्तम यायची. सरांच्या हाताखाली उत्तरं जरा वेडीवाकडी यायची. ते मोठ्याने म्हणायचे, "सांग." आम्ही आकडा सांगायचो. तो कितीही चुकीचा वाटला तरी ते तसाच लिहून घ्यायला लावायचे. "रीडिंग म्हणजे रीडिंग. तुला दिसलं ते लिही. का दिसलं ते मग बघू."

अगदी काटेकोर जुळलेलं उत्तर कोणी आणलं की सर वही नाकाशी धरून हुंगायचे आणि म्हणायचे, "शिजलंय."

मी त्यांचा आवडता विद्यार्थी होतो. हात स्थिर, नजर बारीक. एकदा त्यांनी भर वर्गात सांगितलं, "याचं रीडिंग मी माझं समजतो." ते ऐकून मी दोन दिवस कोणाशी नीट बोललो नव्हतो.

एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे मला धुळ्याच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी लागली. कॉलेज नवं, नोकरी कच्ची. इंटर सायन्सच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक म्हणून जळगावहून आमचे सर येणार, असं कळलं. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. धास्ती कशाची, ते सांगतो.

त्या काळी कॉलेजांमध्ये एक रीत होती. परीक्षेच्या सकाळी विभागप्रमुख डेमॉन्स्ट्रेटरला सांगायचे, "पाण्याची व्यवस्था बघा." प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात माठ असायचा. पोरं पाळीला जाण्याआधी पाणी प्यायला यायची, आणि डेमॉन्स्ट्रेटर माठाशी उभा राहून प्रत्येकाच्या कानात येणारं उत्तर सांगायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. कॉलेजच्या इभ्रतीचा प्रश्न होता. पोरं उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग बनवायची, परीक्षक जुळलेले आकडे बघून समाधान पावायचे आणि जेवायला जायचे.

आमच्याकडे बाकीची उपकरणं अजून आली नव्हती. मीटर ब्रिज मात्र पाच होते. म्हणजे लाकडी फळीवर ताणलेली एक मीटर तार, खाली मोजपट्टी. तारेवर पितळी टोकाची जॉकी टेकवत सरकवायची. जिथे जोडलेल्या मीटरची सुई शून्यावर थांबेल तिथला पट्टीवरचा आकडा लिहायचा आणि त्यावरून रोध काढायचा. वीस मुलांना पाच ब्रिजवर पाळीपाळीने तोच एक प्रयोग ठेवला: दोन ओहम आणि तीन ओहमच्या कॉइल समांतर जोडा, मिळून रोध मोजा, आणि सूत्राने पडताळा.

मी माठाशी उभा राहिलो. घाई होती, ऊन होतं, सर आत येऊन बसले होते. मी तळहातावर पेनने हिशोब केला. अर्धा अधिक एक तृतीयांश. पाच षष्ठांश. पॉइंट आठ तीन. आणि तोच आकडा कानाकानांत सोडला.

उलटं केलं नाही.

एकाही पोराच्या हे लक्षात आलं नाही, कारण लक्षात येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सूत्र मांडायचं, बेरीज करायची, पॉइंट आठ तीन येतो. माठावर सांगितलेलाही तोच. जुळलं. आकडा जुळल्यावर पुढची पायरी कोण करतो? पॉइंट आठ तीन यायचा तर जॉकी एकोणतीस पॉइंट चारवर असताना सुई शून्यावर यायला हवी. कोणी एकोणतीस पॉइंट तीन लिहिलं, कोणी पाच. लबाडीतही शिस्त होती.

एकोणीस मुलांनी हे केलं. विसावी मुलगी होती. वर्गातली एकटी. मुलींचं पाणी वेगळं, लेडीज रूममध्ये. व्हरांड्यातल्या माठावर ती कशी येणार? आणि मीही तिला सांगायला गेलो नाही, मुलीच्या कानाशी लागणं बरं दिसलं नसतं. त्यामुळे तिला बिचारीला प्रयोग करावा लागला. तिची सुई शून्यावर आली तेव्हा जॉकी साडेसदतीसवर होती. उत्तर एक पॉइंट दोन. सूत्रानेही एक पॉइंट दोन.

ती मुलगी एका सरकीच्या व्यापाऱ्याची. घर राजस्थानातून आलेलं, तीन पिढ्या धुळ्यात. तिला बी.एस्सी. करायचं होतं. घरात एवढंच ठरलं होतं की पास होत जाईल तोवर कॉलेज, आणि एकदा अडली की मालेगावच्या स्थळाला होकार. हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं, मलाही. प्रॅक्टिकलला वेगळं पास व्हावं लागत असे.

आमच्या विभागप्रमुखांनी वीस पेपर चाळले आणि एक बाजूला काढला. "सर, हे एक गेलं. बाकीचे उत्तम."

सरांनी पेपर घेतले. पहिला बघितला, दुसरा बघितला. मग एकेक पेपर नाकाशी धरायला लागले. मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो. शेवटी ते म्हणाले, "बठ्ठं शिजेल शे. हे एकोणीस चूक आहेत. ही एकटी बरोबर."

"एकोणीस चूक आणि एक बरोबर?" विभागप्रमुख हसले. "सर, उन्हातून आलात. लिंबू सरबत मागवू?"

"दोन आणि तीन समांतर. किती?"

विभागप्रमुखांचा मूळ विषय ध्वनी होता. त्यांनी खिशातून पेन काढलं, पुन्हा ठेवलं. "अहो, रीडिंगसुद्धा जुळतंय ना. पोरांनी मोजलंय."

तेवढ्यात तिचे वडील, सरकीचे शेठ, आले. मुलीला न्यायला टांगा घेऊन आले होते, आणि व्हरांड्यात कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की मुलगी नापास झाली. दारात उभे राहून त्यांनी दोघांना नमस्कार केला. मागे मुलगी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

विभागप्रमुख म्हणाले, "शेठजी, तुम्हीच सांगा. बाजारात एकोणीस जण एक भाव सांगतात आणि एक जण दुसरा. बाजार कोणता भाव धरतो?"

शेठनी टोपी काढून डोकं पुसलं. "साहेब, एकोणीस व्यापारी थोडे वर-खाली सांगत असले, तर त्यांचा भाव. पण एकोणीस जण पैशापर्यंत एकच सांगायला लागले ना, तर आम्ही समजतो की सगळ्यांनी एका ठिकाणी चहा प्यायलाय."

सर इतके खूश झाले की उठून शेठच्या पाठीवर थाप मारली. "शेठ, तू मना वर्गात ये रे भाऊ!"

"पण सरजी," शेठ म्हणाले, "माझी पोरगी खरी आहे हे मला कोण सांगणार? मला तुमचं यंत्र समजत नाही. पास म्हणाल तर घरी घेऊन जातो, नापास म्हणाल तरी घरीच घेऊन जातो. फक्त मग परत पाठवणार नाही."

विभागप्रमुखांचा आवाज चढला. म्हणाले, असं असेल तर सगळ्यांसमोर मोजून दाखवा.

"दाखवतो ना," सर म्हणाले. "मी हात लावणार नाही, तुम्हीही नाही. हा लावेल." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा तुमचा माणूस आणि माझा विद्यार्थी. याचं रीडिंग मी माझं समजतो. जो आकडा हा सांगेल तो मान्य. त्यावर माझी सही. तुम्हाला चालेल?"

विभागप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माझी कच्ची नोकरी, माठ, सकाळचं सगळं होतं. "चालेल," ते म्हणाले, आणि शेठना घेऊन लांब दाराशी जाऊन उभे राहिले.

मी ब्रिजपाशी बसलो. सरांनी माझ्याकडे पाठ केली, हात मागे बांधले, तोंड खिडकीकडे.

जॉकी टेकवली. सुई हलली, मी सरकवत गेलो. तिसाच्या पुढे, पस्तिसाच्या पुढे. सुई शून्यावर येऊन उभी राहिली. मुलगी दारातून बघत होती, पण तिथून तिला आकडा दिसणं शक्य नव्हतं.

"सांग," सर म्हणाले.

साडेसदतीस म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माठाचा होता. मी जॉकी उचलली. म्हणालो, "एकोणतीस पॉइंट चार."

सर लगेच वळले नाहीत. खिडकीबाहेर कडुलिंब होता, त्याकडे बघत राहिले. मग वळले. ब्रिजकडे बघितलं, उचललेल्या जॉकीकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ओरडतील, किंवा म्हणतील परत घे. परत घ्यायला सांगितलं असतं तर मला वाटतं मी खरं सांगितलं असतं. पण त्यांनी शब्द दिला होता.

"बठ्ठं ठीक शे," ते म्हणाले. "हाऊ नियम धुळामा लागत नही."

विभागप्रमुख मोठ्याने हसले. मी हसलो. पहिले हसणारे ते, दुसरा मी. लोक त्या वाक्याला पुढे हसत आले ते तिथून.

सरांनी गुणपत्रकावर सही केली. एकोणीस पास, एक नापास. सही करताना पेनाचं टोक कागदात रुतलं होतं, तिथे छोटं भोक पडलं. शेठनी पुन्हा नमस्कार केला, मुलीला म्हणाले, "चलो बेटा." ती जाताना टेबलावरच्या ब्रिजकडे बघत गेली, आपण एखादी वस्तू विसरलो तर नाही ना, असं बघतात तशी.

तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

माझी नोकरी पक्की झाली. मी गोष्ट सांगायला लागलो. पहिल्यांदा सांगितली ती भीतीने, म्हणजे दुसऱ्या कोणी वेगळी सांगायच्या आत. पुढे ती रंगत गेली. ती सगळीकडे पोचल्यावर सरांना परीक्षक म्हणून कुठे बोलावलं गेलं नाही. ते जळगावातच शिकवत राहिले आणि कसल्याही समारंभाशिवाय निवृत्त झाले. मी पुढे विभागप्रमुख झालो. सकाळी पाण्याची व्यवस्था बघायला सांगत असे.

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडे जाऊन मी काहीच बोललो नाही. मागच्या वर्षी कळलं की ती मुलगी नवरा गेल्यावर मालेगावहून धुळ्याला परत आली आहे, भावाच्या घराशेजारी राहते. मनाशी वाक्यं ठरवून मी गेलो. एका ओळीत सांगून टाकायचं होतं: ताई, तुमचं बरोबर होतं आणि मी खोटं बोललो.

दुकानावरच्या खोलीत ती बसली होती. पांढरे केस, ताठ पाठ. मी कॉलेजचं नाव सांगितलं, प्रयोगशाळेचं सांगितलं. तिने मला निरखून बघितलं आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"ते डेमॉन्स्ट्रेटर सर? ज्यांनी रीडिंग घेतलं ते?"

"हो. त्याबद्दलच..."

"अहो, बसा ना आधी. सर दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात आले होते. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं.

"जळगावला गेलेच नाहीत ते. रात्रभर धुळ्यातच राहिले. सकाळी बापूजींसमोर मला म्हणाले, 'बेटा, उत्तर तुझं बरोबर, सही माझी चूक.' बापूजी म्हणाले, मग सही बदला. तर म्हणाले, 'शब्द दिला होता, शेठ.' बापूजींना ते पटलं. व्यापारी माणूस. मला नाही पटलं." ती जरा हसली. "मग मी विचारलं, सर, त्या डेमॉन्स्ट्रेटरनी एकोणतीस कसं वाचलं? सर म्हणाले, 'त्या पोराची नजर गेली आहे गं. मला कळलंच नाही. पूर्वी फार चांगली होती. बिचाऱ्यावर रागावू नकोस.'"

मी खाली बघितलं.

"मी कधी रागावले नाही," ती म्हणाली. "वाईटच वाटायचं. एवढ्या तरुण वयात. आता कसे आहेत डोळे?"

त्या घटनेनंतर जळगावात सर कधी भेटले, की रस्ता ओलांडताना माझं कोपर घट्ट धरायचे. मी ते क्षमा समजत आलो होतो. माझी नजर गेली असं त्यांना खरंच वाटलं होतं, की मग माझ्यासारख्या माणसाने समोर सुई असताना खोटा आकडा सांगितला, यापेक्षा मी आंधळा झालो हेच त्यांना मानायला सोपं गेलं, हे आता कळायला मार्ग नाही.

"बरे आहेत," मी म्हणालो.

चहा झाला. निघालो तेव्हा ती स्वतः जिन्यापर्यंत आली. "सांभाळून हं, पायरी उंच आहे," म्हणत तिने माझा हात धरला आणि एकेक पायरी मला खाली उतरवलं. मी उतरलो, आंधळा उतरतो तसा, पाऊल चाचपत.

ती वाचते. हे छापून आलं की तिच्याकडे पोचवायची व्यवस्था मी केली आहे. ताई, माझे डोळे चांगले होते. आजही आहेत, पेपर चष्म्याशिवाय वाचतो. त्या दिवशी सुई शून्यावर उभी होती आणि खाली पट्टीवर साडेसदतीस होते, आणि मला ते तुमच्याइतकंच स्वच्छ दिसत होतं.